आईच्या आवाजाखाली गेलेला भाग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी टेस्टरमामांचं नाव घेतो. आई हयात होती तेव्हा तिच्यासमोरही हेच सांगायचो आणि ती म्हणायची, "बरोबर हाय."

टेस्टरमामा माझे सख्खे मामा नव्हेत. शिरूर कासारच्या बाजाराला पायी जायला अर्धा दिवस लागायचा, अशा आमच्या गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था होती. तिच्या एका खोलीच्या केंद्रावर मामा दुधाची फॅट काढायचे, म्हणून ते टेस्टर. काचेची नळी उजेडाकडे धरून ते आकडा बोलायचे आणि तो आकडा कोणी परत विचारत नसे. चेअरमनच्या घरचं दूध पातळ निघालं तरी सगळ्यांसमोर सांगायचे, "आज तुमच्या म्हशीनं लई पाणी पिलंय, चेअरमन." त्यांचं स्वतःचं शिक्षण सातवीत थांबलेलं होतं.

हे आत्ताच लिहायला बसलो त्याचं कारण एक जुनी मालिका आहे. मागच्या वर्षी पेपरात छोटी बातमी आली. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर अंतराळयानाची एक हिंदी मालिका लागायची, तिचे निम्मे भाग आता कुठेच उरलेले नाहीत. त्या काळी टेपा महाग होत्या, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्याच टेपेवर दुसरा भरायचे. कोणाकडे काही असेल, चित्र नसलं तरी नुसता आवाज असला, तरी कळवा, असं पुण्याच्या एका तरुणाने आवाहन केलं होतं. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ती बातमी दोनदा वाचली. घरी माळ्यावर एका बिस्किटाच्या डब्यात माझ्याकडे सात कॅसेटी होत्या.

मालिकेचं नाव लांबलचक होतं. गावात सगळे तिला 'यान' म्हणत. सात माणसं घेऊन एक यान फार दूरच्या ग्रहाकडे निघतं आणि वाटेत पृथ्वीशी बोलणं तुटतं, अशी गोष्ट होती. यानात एक यंत्रमानव होता आणि एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या आपल्या लहान मुलीला पृथ्वीवर ठेवून आलेल्या. रोज त्या एका यंत्रासमोर बसून मुलीशी बोलायच्या. तो निरोप पृथ्वीवर पोहोचायला कित्येक वर्षं लागणार, हे त्यांना माहीत होतं. तरी बोलायच्या.

आमच्या संस्थेला तालुका संघाकडून चांगल्या दुधासाठी एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बक्षीस मिळाला होता. पुढे दोन वर्षं पाऊस रुसला, गोठे रिकामे होत गेले, चाळीस कॅनचं दूध सहा कॅनवर आलं. टीव्ही मात्र राहिला. रविवारी सकाळचं दूध घेऊन झालं, कॅन विसळून पालथे टाकले की मामा टीव्हीच्या लाकडी पेटीचं कुलूप काढायचे. पुढे पोरं, मागे बाया, दाराबाहेर माणसं. आई सगळ्यात आधी येऊन कॅनला टेकून बसायची. तिला हिंदी अर्धं कळायचं. डॉक्टरीणबाई बोलायला लागल्या की मात्र ती कोणाला हूं की चूं करू देत नसे.

दिवाळी झाली आणि टोळी निघाली. आमच्याकडची निम्मी घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्या वर्षी कुसळही उगवलं नव्हतं, तेव्हा निम्म्याहून जास्त गेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमच्या घरचे दोन कोयते होते: आई-वडील आणि थोरला भाऊ-वहिनी. मी दहावीला होतो. मला घरी ठेवून सगळे सांगली भागात गेले. ट्रकमध्ये चढताना आई वडिलांना नाही, मला नाही, टेस्टरमामांना म्हणाली, "मामा, त्या बाईचं पुढं काय हुतंय, आमाला कसं कळायचं हो?"

मामांनी ते मनावर घेतलं. त्यांच्या लग्नात सासरकडून आलेला एक टेपरेकॉर्डर होता आणि भजनांच्या काही कॅसेटी. विकतच्या कॅसेटीवर भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेला खाच असते. मामांनी त्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले आणि पुढच्या रविवारी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या तोंडाला लावला. मला शेजारी बसवलं.

"हिंदी तुझ्या आईला समदं कळत न्हाई. आन् चित्र तर दिसणारच न्हाई. मधी मधी तू बोल."

मी घाबरत सुरुवात केली, "यान लई भारी दिसतंय..."

मामांनी बटण दाबून टेप थांबवली. "भारी म्हंजी काय बे? तुझ्या आईला भारी दिसत नसतंय. केवढं हाय, कशावानी हाय, कुठनं कुठं चाललंय, ते बोल. दिसतंय तेवढंच बोल."

मग मी बोललो, "यान दुधाच्या कॅनवानी हाय, पण आडवं. बुडातनं जाळ निघतोय. खाली पृथ्वी दिसाया लागलीय, पाटीएवढी." मामांनी मान हलवली. आज पंचवीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवतोय. फळ्यापाशी उभं राहून जे काही नीट सांगता येतं, ते त्या खोलीत शिकलो.

कॅसेट न्यायला-आणायला टोळीचा मुकादमच होता. दर पंधरा-वीस दिवसांनी तो गावात यायचा, धान्य-चिठ्ठ्या घेऊन परत जायचा. टोळी जिथे कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहायची, त्या तळावर त्याच्याकडे टेप होती. पहिली कॅसेट पोहोचवून तो परत आला तेव्हा मामांच्या समोर बसून म्हणाला, "टेस्टर, समदी टोळी इचारतीय, त्या ग्रहावर म्हशी हायत का?"

"कावून?"

"मधीच एक वरडली की!"

ती चेअरमनची म्हैस होती, केंद्राच्या दारातच बांधलेली. मुकादम माझ्याकडे वळला. "आन् तुझ्या बापानं इचारलंय, म्हशी हायत तर वैरणीचं काय करतेत म्हणावं तिथं?"

पौषात तिसरी की चौथी कॅसेट परत आली, ती गोष्ट मी कोणाला सहसा सांगत नाही.

तो रविवार होता. केंद्रावर सकाळचं दूध चाललं होतं, पंधरा-वीस माणसं कॅन, तांबे, चरव्या घेऊन उभी होती. मुकादम आला. कॅसेट मामांच्या टेबलावर ठेवली. "हे घ्या तुमचं यान." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोराला तयार ठिवा. थोरल्याच्या पायावर कोयता बसलाय. बापानं सांगितलंय, धाकट्याला घिऊन या. उद्या सकाळी जीप निघती."

माझी परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ऊसतोडीला एकदा गेलेला मुलगा परत शाळेत बसल्याचं आमच्या आळीत एकही उदाहरण नव्हतं. वडिलांचा निरोप होता, त्याला उलट बोलायची रीत नव्हती. भावाचा पाय डोळ्यांसमोर येत होता. मी दप्तर कोणाकडे ठेवायचं, याचा विचार करू लागलो होतो, हे अजून आठवतं.

मामांनी हातातली नळी ठेवली, हात पुसले आणि नुसतं काहीतरी करायचं म्हणून कॅसेट टेपमध्ये घातली. थोड्या वेळाने यान लागणार होतं, पट्टी तुटली-बिटली नाही ना हे बघायचं होतं. बटण दाबलं. खरखर आली. यानाचं संगीत यायला हवं होतं. आला तो आईचा आवाज.

"फिरतंय का गं हे?... फिरतंय. बरं. बाळा, मी बोलते. तुमी धाडलेलं आमी समद्यांनी ऐकलं, दोन डाव ऐकलं. आता ही रिकामी झाली. रिकामा डबा कुनाच्या दारात परत धाडू न्हाई, म्हनून म्या मुकादमाच्या बायकुला म्हनलं, यात माजं बोलनं घाल."

आमच्याकडे शेजारणीने वाटीत कालवण दिलं तर वाटी रिकामी परत देत नाहीत. चिमूटभर साखर, मूठभर शेंगा, काहीतरी घालतात. आईच्या लेखी कॅसेट म्हणजे तशीच वाटी. ऐकून झाली म्हणजे संपली. आपण बोललो की आधीचं पुसलं जातं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मुकादमाच्या बायकोलाही माहीत नव्हतं. दोघींनी पट्टी नीट मागे, सुरुवातीपर्यंत फिरवून घेतली होती आणि तिथूनच भरलं होतं.

"थोरल्याला लागलंय. लई न्हाई, टाके पडलेत. तुजा बाप म्हनतोय धाकट्याला बोलवा. मुकादमबी म्हनतोय. मी म्हनते, येऊ नगंस. आमी तिघं मिळून दोन कोयत्याचं काम काढू. तू आलास तर मी तुला कोपीत घ्यायची न्हाई, उसात झोप म्हनंल. टेस्टरमामा, ऐकता का? त्याला धाडू नका. आन् त्या डाक्टरीणबाईचं सांग. तिनं पोरीला इतक्या लांबनं सांगितलंय, शिकत ऱ्हा. पोरीनं ऐकलं का न्हाई, त्ये पुढच्यात सांग. बस कर गं आता. कशी बंद करत्यात ही?"

मग कोपीतला कुत्रा भुंकला, कोणीतरी हसलं, आणि मधूनच यानाचं संगीत सुरू झालं.

मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "हे कवा भरलं तिनं?"

"तुमी कारखान्यावर गेलता तवा," मागून कोणीतरी म्हणालं आणि माणसं हसली.

मुकादम चिडला. "बाईमाणसाच्या बोलण्यावर काय जाताव? बापाचा निरोप मी आणलाय."

मामा म्हणाले, "आणलाय ना. आन् हा निरोपबी तुमीच आणलाय. दोन्ही तुमच्याच हातानं आलेत."

"टेस्टर, तुमी फॅट काढा. टोळीत कोयता अर्धा पडला तर मला कारखान्यावर उभं करतेत. तो अर्धा कोण भरून काढणार, तुमी?"

मामांनी कॅसेट काढली, तिच्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून खाचेतला कागदाचा बोळा बोटाने काढून टाकला आणि कॅसेट खिशात घातली. "या साली न्हाई. पुढच्या साली मी येतो. लिहून घ्या. पोरगं आजपासनं माझ्या घरी जेवंल, इथं केंद्रात अभ्यास करंल. परीक्षा झाल्याबरुबर मी स्वतः त्याला तळावर आणून सोडतो."

संस्थेचा नोकर माणूस उसाला येतो म्हणतोय, याचंही लोकांना हसू आलं. मुकादम उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "पुढची पट्टी द्या. आज भरा म्हणावं नीट. माझी बायकूबी इचारत असती त्या यंत्रमानवाचं." वाईट माणूस नव्हता तो. त्याच्यामागेही कोणीतरी उभं होतं.

मी दोन महिने केंद्रात राहिलो. मामांनी मला एक कॅन उलटा टाकून दिला, तेच माझं टेबल. फर्स्ट क्लास मिळाला. परीक्षेनंतर मामा मला खरोखर तळावर घेऊन गेले. आईने मला पाहून आधी मामांना पाणी दिलं, मग मला.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले, जनावरं बाजारात गेली आणि संस्थेने केंद्राला कुलूप लावलं. जूनमध्ये मामांनी मला बीडला अकरावी सायन्सला घातलं. दिवाळीनंतर ते आणि मामी त्याच मुकादमाच्या टोळीत गेले. केंद्र बंदच पडलं होतं, जावंच लागलं असतं, असं मामा आजही म्हणतात. मी त्यांना कधी उलटून विचारलं नाही. पण फॅट काढणाऱ्या त्या हातांत कोयता धरलेला मी सुट्टीत बघितला आहे. तो त्यांना बरोबर धरता येत नव्हता.

पुण्याच्या तरुणाला मी सातही कॅसेटी नेऊन दिल्या. त्याने कानाला यंत्र लावून दोन दिवस ऐकल्या. इतर कुठेच सापडत नाहीत असे तीन भाग त्यात निघाले, म्हशीसकट. एका भागाची सुरुवात नव्हती. त्याने जरा संकोचत विचारलं, "सर, या भागाच्या सुरुवातीवर एक बाई बोलतायत. गावाकडचं काहीतरी आहे. खालचा आवाज निघणं शक्य नाही, पण प्रयत्न करून बघू का?"

मी म्हणालो, करू नका. त्या आवाजामुळेच मी तुमच्यासमोर बसलोय, हे त्याला सांगायला मला बराच वेळ लागला. तो भला मुलगा होता. त्याने यादीत त्या भागापुढे लिहिलं: सुरुवात उपलब्ध नाही, त्या जागी एका आईचा निरोप.

शेवटच्या भागाचा मात्र काहीच पत्ता नव्हता. ना चित्र, ना आवाज. त्या वेळी टीव्ही बंद खोलीत होता आणि मामा उसात. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामांना विचारलं, शेवटी काय झालं होतं तुम्हाला काही आठवतं का. आता त्यांना ऐकू कमी येतं. दोनदा विचारावं लागलं. मग ते उठले आणि पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद आणला. "मला कशाला आठवायला पाहिजे? तूच लिव्हलं हुतंस की."

अकरावीत असताना बीडहून त्यांच्या तळावर मी पाठवलेलं ते पत्र होतं. मी ते साफ विसरलो होतो. जसं आहे तसं उतरवून देतो.

*

मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. मी इथे ठीक आहे. खोलीत चौघे आहोत. पाणी एक दिवसाआड येतं, पण येतं.

काल यानाचा शेवटचा भाग झाला. स्टँडजवळ रेडिओच्या दुकानात टीव्ही लावतात, तिथे बाहेर उभं राहून बघितला. गर्दी होती, पण मी सकाळी सातलाच जाऊन पुढची जागा धरली. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहितो.

यान पृथ्वीवर परत आलं आणि समुद्रात उतरलं. एक मोठी नाव त्यांना आणायला गेली. सातजण गेले होते, चौघे उतरले. यंत्रमानवाच्या अंगाला गंज चढलेला होता आणि त्याचा एक हात हलत नव्हता. पृथ्वीवर फार वर्षं झाली होती. नावेवरची माणसं त्यांना ओळखत नव्हती, पण सगळ्यांनी उठून उभं राहून वाट दिली. मग डॉक्टरीणबाईंना एका खोलीत बसवलं. समोरच्या खुर्चीवर पांढऱ्या केसांची एक बाई येऊन बसली. ती त्यांची मुलगी. आता ती आईपेक्षा म्हातारी दिसत होती. तिच्या मांडीवर एक पेटी होती. ती म्हणाली, तुझे सगळे निरोप आले. उशिरा आले, पण एकही गळला नाही. मी डॉक्टर झाले.

इथे लाइट गेली. दुकानदाराने बॅटरी जोडेपर्यंत बराच वेळ गेला. मध्ये त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. दुसऱ्या कोणी पाहिलं असेल तर विचारून कळवीन. चित्र परत आलं तेव्हा दोघी एका रस्त्याने चालल्या होत्या, मुलगी पुढे, आई मागे. यंत्रमानवाने चांगल्या हातात पेटी धरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं होती. मग नावं आली.

माझ्या आईलाही हे सगळं सांगा. ती पलीकडच्या कोपीत आहे, पण तिला वडिलांनी वाचून दाखवलेलं आवडणार नाही, ते मधूनच गाळतात. तुम्हीच वाचा.

मामा, एक गोष्ट तोंडावर बोलायला जमली नाही. मी इथे वर्गात बसतो तेव्हा तुम्ही तिथे फडात असता, हे मला रोज आठवतं. म्हणून मी एकही तास बुडवलेला नाही. सहामाहीत भौतिकशास्त्रात पहिला आलो. जास्त काही लिहिता येत नाही.

शनिवारी कॉलेजच्या क्लार्कने माझा फॉर्म काढून विचारलं, पालक म्हणून ही सही कोणाची. तुम्ही जूनमध्ये केलेली. मी सांगितलं, मामांची. ते म्हणाले, सख्खे का? मी हो म्हणालो. खोटं बोललो, पण फॉर्म बदलणार नाही.

तुमचा भाचा

ता. क. मामींना वाचून दाखवाल तेव्हा यंत्रमानवाचं आधी वाचा. बाकीचं ऐकताना त्या रडतील, मग पुढचं राहून जाईल.